टॉर्चमधला सुटा सेल

शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की शेतकऱ्याला मध्यरात्री उसात दारे धरायला जावे लागते. साप, विंचू, बिबट्या, कठडा नसलेली विहीर या सगळ्यांतून त्याला वाट दाखवतो तो डोक्याला बांधलेला टॉर्च. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला ओढ्यावर जाणारे, शनिवारच्या रात्री हरिश्चंद्रगडाची वाट चालणारी तरुण मंडळी, वीज गेल्यावर जिना उतरणारी आजी, साऱ्यांच्या हाती आज हेच साधन आहे. पूर्वी या टॉर्चमध्ये दीड व्होल्टचे दोन-तीन जाडजूड सेल असत. ते फार तर गळत आणि आतली स्प्रिंग गंजवत. आता बोटभर लांबीच्या एकाच सेलवर चालणारा टॉर्च दोनशे मीटरवरचे झाड उजळून टाकतो. ही किमया एलईडीची जितकी, तितकीच लिथियम-आयन सेलची.

लिथियम बॅटरी मोबाइलमध्येही असते, मग टॉर्चचे वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळे आहे, आणि फार वेगळे आहे. मोबाइलची बॅटरी कंपनीने आत बंद करून टाकलेली असते. ती किती भरली, किती तापली, चार्जिंग कधी थांबवायचे, हे पाहायला आत सर्किट बसवलेले असते. वापरणाऱ्याचा आणि सेलचा कधी समोरासमोर संबंधच येत नाही. सेल बदलता येणाऱ्या टॉर्चचे झाकण फिरवले की मात्र सेल थेट तळहातावर येतो. कोणता सेल घालायचा, कोणत्या बाजूने, कोणत्या चार्जरवर लावायचा, सुटा सेल कुठे ठेवायचा, केव्हा टाकून द्यायचा, हे सगळे निर्णय गिऱ्हाइकाचे. अभियंत्याने करायचे काम त्याच्या अंगावर आले आहे आणि ते कसे करायचे हे त्याला दुकानदाराने सांगितलेले नाही, खोक्यावरही धड छापलेले नाही. टॉर्चच्या बाबतीत काळजीचा मुद्दा हाच आहे.

या टॉर्चमध्ये सर्वाधिक दिसणारा सेल १८६५० या आकड्याने ओळखला जातो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य सेल गोल नळीसारखा असल्याचे सांगते. पूर्ण भरल्यावर त्याचे व्होल्टेज ४.२, एरवी सरासरी ३.६ किंवा ३.७. चांगल्या सेलमध्ये सुमारे १२ वॉट-तास ऊर्जा मावते. त्याचे रूप नीट न्याहाळले की पहिला धोका तिथेच सापडतो. प्लसचे टोक म्हणजे वरची टोपी. मायनस मात्र फक्त तळाला नसतो. सेलचा सगळा धातूचा डबा, अगदी वरच्या काठापर्यंत, मायनसच असतो. टोपी आणि तो काठ यांच्यात अंतर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. त्यांच्यामध्ये आड असते ती एक छोटी चकती आणि वरून गुंडाळलेले रंगीत प्लास्टिकचे पातळ वेष्टन. हे वेष्टन काठाशी फाटले आणि सेल खिशात किल्ल्यांबरोबर किंवा चिल्लर नाण्यांबरोबर पडला, की शॉर्ट व्हायला काहीच वेळ लागत नाही. वेष्टन शाबूत असले तरी टोपी आणि तळ उघडेच असतात, एखादी साखळी दोन्हींना टेकली तरी पुरते. म्हणून सुटा सेल कायम प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. अशी डबी दहा-वीस रुपयांत मिळते, आणि सेलबरोबर ती फुकट द्यायला विक्रेत्यांना भाग पाडायला हवे.

लिथियमचा हा तापट स्वभाव शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी शुद्ध लिथियम धातू वापरून बॅटरी केली, तेव्हा वारंवार लागणाऱ्या आगी विझवून अग्निशमन दल वैतागले. लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे आता प्रयोगशाळेनेच भरावेत, असा इशाराही दलाने दिला होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज वाढवले. मग जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढून टाकला आणि त्या जागी कार्बन आणला. स्फोटकांच्या चाचणीची जागा उसनी घेऊन त्यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा मोठा तुकडा पाडला. काही झाले नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तोच तुकडा पाडला तेव्हा जोराचा स्फोट झाला. १९९१ मध्ये सोनीने ही नवी बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. योशिनो यांच्या बदलाने सेल वापरण्याजोगा झाला, तरी त्याच्या पोटातली आग पुरती गेली नाही.

त्या पोटात काय असते? ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिच्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप. तांब्याची दुसरी पट्टी, तिच्यावर ग्रॅफाइट. दोन्हींच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. हे सगळे एकत्र गुंडाळून पेट घेणाऱ्या द्रवात भिजवलेले. पडद्याच्या छिद्रांतून लिथियमचे आयन ये-जा करतात, तोवर सगळे सुरळीत. कुठल्याही कारणाने आतले तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात. त्यापुढे ऑक्साइड फुटून स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते. म्हणजे इंधन आत, ठिणगी आत आणि ऑक्सिजनही आतच. अशी आग कापड टाकून किंवा हवा कोंडून विझत नाही. सेलचे तापमान काही क्षणांत सहाशे-सातशे अंशांवर जाऊ शकते आणि बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू असतात.

हे थोपवण्यासाठी चांगल्या सेलच्या टोपीखाली सोय केलेली असते. आतला दाब वाढला की विजेची वाट तुटते, आणखी वाढला तर टोपीभोवतालच्या फटी उघडून वायू बाहेर पडतो. उघड्यावर ठेवलेल्या सेलच्या बाबतीत ही सोय बऱ्यापैकी काम करते. पण टॉर्च पाण्यात पडला तरी चालावा म्हणून त्याच्या जाड धातूच्या नळीला दोन्हीकडे रबरी कड्या बसवून तो हवाबंद केलेला असतो. सेलमधून निघालेला वायू त्या नळीत कोंडला की टॉर्चची गत सेफ्टी व्हॉल्व्ह बुजलेल्या कुकरसारखी होते. मग काच, झाकण किंवा बटणाची बाजू गोळीसारखी सुटते. जलरोधक असणे हा टॉर्चचा मोठा गुण म्हणून जाहिरातीत मिरवला जातो, आणि तो गुण खराच आहे. त्याची ही दुसरी बाजूही गिऱ्हाइकाला कळायला हवी.

असे टॉर्च फुटण्याचे प्रकार आधी गाजले ते अमेरिकेत, आणि ते चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलमुळे. तिथल्या पोलिसांच्या आणि सैनिकांच्या हातात सीआर१२३ए नावाचे तीन व्होल्टचे बुटके सेल घातलेले टॉर्च असत, एकामागे एक असे दोन सेल. त्यातला एक नवा आणि एक अर्धा वापरलेला असला की घोटाळा होई. अर्धा सेल आधी संपे, पण नवा सेल जोर लावतच राही आणि संपलेल्या सेलमधून उलटा प्रवाह ढकलला जाई. तो सेल तापे, वायू सोडी आणि बंद नळीत पेट घेई. आपल्याकडे रिमोटमधला एक आणि घड्याळातला एक असे सेल जुळवून टॉर्च चालवायची घरोघरी सवय आहे. दीड व्होल्टच्या साध्या सेलमध्ये ती सवय फार तर सेल गळण्यावर निभावते, लिथियममध्ये निभावत नाही. दोन सेलच्या टॉर्चमध्ये दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, एकदमच चार्ज केलेले किंवा एकदमच बदललेले असावेत. याहून सोपा मार्ग म्हणजे एकाच सेलवर चालणारा टॉर्च घेणे. सामान्य वापरासाठी तोच घ्यावा.

आकाराच्या सारखेपणातूनही गोंधळ होतो. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला नेहमीच्या पेन्सिल सेलएवढाच, पण दीडऐवजी ३.७ व्होल्टचा. तीन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये चुकून असे तीन गेले तर साडेचार व्होल्टसाठी बनवलेल्या वस्तूला अकरा-बारा व्होल्ट मिळतात. सीआर१२३ए आणि चार्ज होणारा १६३४० हेही जुळ्यांसारखे दिसतात. त्यातला पहिला चार्जरवर लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. सेलवरची अक्षरे बारीक असतात, त्यामुळे घरात दोन्ही प्रकार ठेवूच नयेत.

सेल खराब निघणे ही फक्त स्वस्त मालाची गोष्ट नाही. २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्यातले सेल सोनीचे होते आणि बनवताना आत राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांनी पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट होत होता. जगातल्या अनुभवी कारखान्याची ही कथा, तर नाव-गाव नसलेल्या सेलवर किती भरवसा ठेवायचा?

नाव-गाव नसलेले सेल येतात कुठून, तर बऱ्याचदा जुन्या बॅटऱ्यांमधून. लॅपटॉपची किंवा अवजारांची बॅटरी फोडली की आतून हेच १८६५० सेल निघतात. त्यांना नवे वेष्टन चढवले, वर भडक नाव छापले, की झाला नवा सेल. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. हे सेल बॅटरी-पॅकचा सुटा भाग म्हणून उद्योगांसाठी बनवलेले असतात, एकेकट्या विक्रीसाठी नव्हे, आणि सुट्या सेलने गंभीर इजा किंवा मृत्यूही ओढवू शकतो, असे आयोगाने स्पष्ट सांगितले. पॅकमध्ये असताना त्यांच्यावर राखण करणारे सर्किट असते, फोडून काढले की ती राखण जाते. टॉर्चसाठी सेल घ्यायचाच तर ज्याच्या तळाशी छोटे संरक्षक सर्किट बसवले आहे, तो प्रोटेक्टेड सेल घ्यावा. तो काही मिलिमीटर लांब असतो, थोडा महागही असतो. ते पैसे योग्य ठिकाणी जातात.

खोटा सेल ओळखायला दोन साध्या खुणा पुरतात. पहिली छापलेल्या आकड्याची. आज चांगल्यात चांगल्या १८६५० सेलची क्षमता साडेतीन ते चार हजार एमएएचच्या आसपास आहे. एवढ्याशा डब्यात याहून जास्त मावतच नाही. त्यामुळे ६,०००, ८,८०० किंवा ९,९०० एमएएच छापलेला सेल हातात आला तर तो ठेवून निघून यावे. जो क्षमतेबद्दल खोटे छापतो, तो आतल्या सुरक्षेबद्दल खरे वागला असेल असे मानायला जागा नाही. दुसरी खूण वजनाची. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो तीस-पस्तीस ग्रॅमच भरला तर आत माल कमी आहे.

भारतात अशा सेल आणि बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या मालावर ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का, कोणाच्या नावावर आहे, हे दिसते. ही सोय फार चांगली आहे, पण ती वापरणारे गिऱ्हाईक क्वचितच दिसते. आठवडी बाजारातल्या टॉर्चवर हा क्रमांक शोधायची सवय लागली, तर दुकानदारही घाऊक व्यापाऱ्याकडे तीच मागणी करू लागतील.

वापरताना सर्वांत जास्त चुका चार्जिंगच्या वेळी होतात. चांगला चार्जर ४.२ व्होल्टला थांबतो, स्वस्त चार्जर प्रवाह पुरवतच राहतो. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. टॉर्च बॅगेत चुकून सुरू राहिला, किंवा मंद झाला तरी जाळतच ठेवला, तर संरक्षण नसलेल्या सेलचे व्होल्टेज अडीचच्या खाली जाते आणि आतल्या पट्टीचे तांबे द्रवात विरघळू लागते. असा सेल पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तिथे जमते आणि आतून शॉर्टची वाट तयार होते. ‘मेलेला’ सेल दुसऱ्या सेलला तारेने जोडून उठवायचे जे उपाय मित्रमंडळी सांगतात, ते म्हणूनच धोक्याचे आहेत. फुगलेला, दबलेला, वेष्टन सोललेला, गोडसर उग्र वास येणारा किंवा चार्जरवर हाताला चटका देणारा सेल पुन्हा वापरूच नये. चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा बाहेर जायच्या दाराजवळ करू नये. लादीवर, डोळ्यांसमोर आणि जागेपणी करावे.

हवामानही मधे येते. बहुतेक सेल शून्य ते ४५ अंशांत चार्ज करण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर साठीच्याही पुढे. तिथे टॉर्च ठेवू नये, चार्जिंगही पहाटे गारव्यात करावे. हिमालयात नेमके उलटे. शून्याखाली चार्ज केलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर चढतो, म्हणजे योशिनो यांनी हद्दपार केलेली वस्तू मागच्या दाराने परत येते. लडाखला निघालेल्या ट्रेकरने सेल आधी स्लीपिंग बॅगेत उबदार करावा, मगच पॉवर बँकेला लावावा.

लडाखच्या विमानात बसतानाचे नियमही ठाऊक असावेत. सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. ते हातातल्या बॅगेतच, टोके झाकून न्यावे लागतात, कारण केबिनमध्ये आग लागली तर ती दिसते, सामानाच्या कक्षात लागली तर उशिरा कळते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात आग लागली. त्यातल्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुराने कॉकपिट भरले, विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. अशा अपघातांनंतर १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूकच बंद झाली. टॉर्च बॅगेत चुकून पेटू नये म्हणून सेल काढून डबीत ठेवावा, किंवा मागचे झाकण पाव फेरा सैल करावे. पुष्कळ टॉर्चमध्ये एवढ्याने वीज तुटते. हे घरीही करण्यासारखे आहे, कारण जोरदार टॉर्चची काच काळ्या कापडाला टेकून राहिली तर कापड जळते.

किल्लीच्या जुडग्यातल्या चिमुकल्या टॉर्चमध्ये आणि दिवाळीच्या एलईडी पणत्यांमध्ये नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. त्याचा धोका आगीचा नाही, गिळण्याचा आहे. सीआर२०३२ हा २० मिलिमीटर व्यासाचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि मायनसच्या बाजूला तीव्र क्षार तयार होऊन दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. मूल रडेल, लाळ गाळेल, खाणार नाही, पण सेल गिळल्याचे सांगणार नाही. शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठायचे, उलटी करवायची नाही. सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल एक वर्षावरचे असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा सल्ला वॉशिंग्टनचे नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर देते. मध शोधण्यासाठी मात्र थांबायचे नाही. ज्या टॉर्चचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, तो लहान मुलांच्या घरात नकोच.

हातातला टॉर्च अचानक तापला, फुसफुसला किंवा त्यातून धूर आला तर झाकण उघडायच्या मोहात पडू नये. आत दाब असतो आणि झाकण तोंडावर येते. टॉर्च उघड्यावर दूर ठेवून, जमल्यास काच आणि शेपूट कोणाकडे रोखली जाणार नाही असा, मागे सरकावे. पेटलेल्या छोट्या सेलवर भरपूर पाणी ओतणे योग्य असते, कारण तिथे ज्वाळा झाकण्यापेक्षा सेल थंड करणे महत्त्वाचे. चार्जर प्लगला जोडलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. धुरात श्वास घेऊ नये. विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो काही तास घराबाहेरच राहू द्यावा.

निकामी सेल घंटागाडीत टाकला की तो कचऱ्याबरोबर दाबला, चिरडला जातो आणि आग लागते ती गाडीत किंवा कचरा डेपोत. त्याची झळ पोहोचते कचरा वेचणाऱ्या बाईला किंवा गाडीवरच्या कामगाराला. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. इतर शहरांत नोंदणीकृत ई-कचरा केंद्रे आहेत. सेल देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर ‘लिथियम बॅटरी’ असे ठळक लिहावे आणि ती घेणाऱ्याच्या हातात द्यावी.